आडोशाची भिंत

माघ शुद्ध पंचमी, शके १८६१

आजपासून जे घडेल ते लिहून ठेवण्याचा निश्चय केला आहे. ज्या घरात बोलण्यास दुसरे माणूस नाही, तेथे मनुष्य स्वतःशीच पुटपुटू लागतो. पुटपुटणे हे वार्धक्याचे लक्षण असून मला ते मान्य नाही. लिहिणे ही निराळी गोष्ट आहे. मी वऱ्हाडात मामाकडे राहून मराठी चौथी इयत्ता उत्तीर्ण झालो आहे, व या गावात माझ्या वयाच्या माणसांत अंगठा न उठविता सही करणारा मी एकटाच आहे.

आज मारुतीच्या पारावर बैठक झाली. बन्सीधर हे गावातील मोठे जमीनदार, मला मुलगा असता तर त्याच्या वयाचे. त्यांनी मराठी शाळेसाठी खटपट चालविली आहे, कारण तालुक्याच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, सारे शिक्षण उर्दूतून होते व आमची मुले तेथून चार महिन्यांत पळून येतात. ते म्हणाले, "इजाजत आली, मास्तर बी ठरला. आता जागा दावा."

"देवळात बसवा की," कोणी म्हणाले.

"देवळात समदी लेकरं बसू देताव का?" असे बन्सीधरांनी विचारले, तेव्हा सर्वजण आपापल्या पायांकडे पाहू लागले.

मी उभा राहिलो व म्हणालो, "शाळा माझ्या घरी भरेल."

"मापाडी आबा, घर तुमचं लय बेस हाय. पण मधी भिंत हाय की. मास्तर एक. इकडं बसला की तिकडली लेकरं मोकळी."

"भिंत काढू."

"वर माळवद हाय, आबा. भिंतीवर भारबिर असंल तर?"

मी त्यांना सांगितले की, मानवतच्या अडतीवर ज्याने आपला जन्म कापूस तोलण्यात घालविला, त्याला भार कोठे आहे व कोठे नाही हे शिकवू नये. ती भिंत मागाहून घातलेली, केवळ आडोशाची आहे. तिच्यावर पासंगाइतकाही भार नाही. रिकाम्या काट्याची पारडी समान यावीत म्हणून हलक्या बाजूस जो खडा बांधतात त्यास पासंग म्हणतात. हेही मला तेथे काहींना समजावून सांगावे लागले.

होळीपर्यंत भिंत निघावी व पाडव्यास पाटीपूजन होऊन शाळा सुरू व्हावी, असे ठरले. विद्यादानासारखे दुसरे दान नाही. शिवाय दिवसभर घराचे दार उघडे राहील, तेही घराच्या दृष्टीने बरे.

माघ शुद्ध अष्टमी

भिंतीविषयी नीट लिहून ठेवतो, म्हणजे कोणी शंका काढल्यास उत्तर तयार असेल.

हे घर वाडवडिलांचे नव्हे. मी स्वतः बांधलेले आहे. माळवदाच्या घरात भार लाकडावर असतो, भिंती वारा अडविण्यापुरत्या. दोन्ही अंगांस खांब, खांबांवर आडवी तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपा व त्यावर मातीचे माळवद. आमची तुळई किनवटकडील सागाची, एकसंध असून गाडीस दोन जोड्या जुंपून आणली होती. सुताराने तिच्या मध्यावर एक खांब देण्याचा आग्रह धरला होता. मी नकार दिला. घरात शिरताच समोर खुंटा दिसावा हे मला पसंत नव्हते. मधे खांब नसलेले एवढे दालन बन्सीधरांच्या वडिलांकडेही नव्हते व त्यांनी ते येऊन पाहिले होते.

दुसरी गोष्ट अशी की, माझे माळवद कधीही गळले नाही. लोक दर वैशाखात गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या गावठाणातून, माती आणून माळवदावर पसरतात. मी इतरांच्या दुप्पट पसरीत आलो. जुनी माती आधी खरवडून मग नवी टाकावी, असे कुटुंबाचे म्हणणे असे. खरवडलेले माळवद गळते, हे तिला कळत नसे. एका वैशाखात यावरून शब्दास शब्द लागला. त्या साली दिवाळीनंतर मी नेहमीप्रमाणे कापसाच्या हंगामास मानवतला गेलो आणि होळीस परत आलो, तो घराच्या मधोमध भिंत उभी.

"हे काय?" मी विचारले.

"चुलीचा धूर लागतो तुमाला. आडोसा केलाय."

याहून अधिक विचारणे माझ्या स्वभावात नाही. मात्र मला धूर कधी लागला नव्हता. भिंतीपलीकडे चूल, भांडी व ती. अलीकडे माझी बाज व बाहेरचे दार. मधे तिने एक अरुंद दार ठेवले होते, त्यातून ताट येई व ताट जाई. शब्द न ऐकल्याचा राग स्त्रिया अशा रीतीने काढतात. तिने आमच्या घरात कायमची पाचर मारली, असे मी समजलो व त्याप्रमाणे वागलो.

भिंत हातभर रुंद असून तिच्या पायास दगड आहेत. आडोशास वीतभर पुरली असती, परंतु स्त्रियांस अंदाज नसतो. असो. निष्कर्ष असा की, माळवद आधीचे व भिंत मागाहूनची. जे मागाहून आले, त्यावर आधीचा भार असू शकत नाही.

माघ शुद्ध दशमी

विशेष काही नाही. भाकरी एका अंगाने करपली. चुलीवरून काढून ताट घेऊन दाराच्या अलीकडे येईपर्यंत ती निवते. चुलीपाशीच बसून खाल्ल्यास गरम मिळेल हे खरे, पण ती माझी बसण्याची जागा नव्हे. कुटुंबास जाऊन येत्या महिन्यात सहा महिने होतील.

माघ शुद्ध पौर्णिमा

मानवतच्या बाजारातून मुलांच्या पाण्यासाठी एक रांजण आणला. कुंभार म्हणाला, "आबा, एकट्याला येवडा कशाला?" मी म्हणालो, "एकट्याला नव्हे." हे उत्तर देताना मला थोडे बरे वाटले, हे येथे नमूद करतो.

बाजारात सोनपेठकडचा एक ओळखीचा गाडीवान भेटला. आमच्या कमलने त्याच्याजवळ निरोप दिला होता की, बा, आता एकले राहू नका, इकडे या. मुलगी गुणी आहे, परंतु जावयाच्या उंबरठ्यावर म्हातारपण काढणे ही गोष्ट आमच्यात होत नाही. घरी शाळा येणार असल्याने मला सवड नाही, असे उत्तर पाठविले.

माघ वद्य तृतीया

आश्रुबा सुतार भिंत पाहण्यास आला. या घराचे लाकूडकाम त्याच्या बापाने केले होते. त्याने बोटाच्या पेराने भिंत जागोजाग ठोकली व हकिमासारखा कान लावला.

"काय कळले?" मी विचारले.

"भिंत हाय, आबा."

"ते मलाही दिसते."

"तसं न्हाई. आतून भरीव हाय म्हणायलो. लय जीव लावून बांधलिया. कुणाच्या हातची?"

"कुटुंबाच्या."

"मंग सहजी हलायची न्हाई," असे म्हणून तो स्वतःच हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याने तोंड पुसले.

भिंतीवर भार आहे काय, असे मी स्पष्ट विचारले. तो म्हणाला, "तुमी न्हाई म्हणताव, तर न्हाई. माझा म्हातारा मातर मरूस्तोर म्हणायचा, मापाडी आबाचं घर मला एक खांब देणं लागतंय."

"तुझ्या म्हाताऱ्यास खांब विकावयाचा होता."

"ते बी खरंच हाय," तो म्हणाला. शिवरात्र झाल्यावर पहार घेऊन येतो, असे ठरवून गेला. ज्याला स्वतःचे मत नाही अशा कारागिराशी बोलण्यात वेळ जातो, परंतु वेळ माझ्याजवळ आहे.

माघ वद्य सप्तमी

शेजारची भिवराबाई शेळीचे दूध घेऊन आली. ही धनगराची बाई, मेंढरे राखण्यात हिचे आयुष्य गेले. कुटुंबास ती कडूआक्का म्हणे, म्हणून मला दाजी म्हणते, व त्या नात्याचा फायदा घेऊन वाटेल ते बोलते.

"दाजी, भिंत पाडायलाव म्हनं?"

"शाळेसाठी."

"शाळा काय, आज हितं, उद्या तितं. भिंतीला हात लावू नगा."

"कारण सांग."

"मला कामून इचारता? जिनं बांधली तिला इचारायचं व्हतं. येवडी वरसं समोर व्हती की."

मी म्हणालो की, घर माझे आहे व निर्णय झालेला आहे. तिने दुधाचे गाडगे उंबऱ्यावर ठेवले. "गाडगं जपून ठिवा," असे जाता जाता म्हणाली. "फुटल्यावर कळतंय त्येच्यात काय व्हतं ते."

एवढी वर्षे समोर होती, हे तिचे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही. मधे भिंत होती.

महाशिवरात्र

उपवास. आश्रुबा येण्यापूर्वी माझे म्हणणे पुराव्याने सिद्ध करून ठेवावे, असे सकाळी मनात आले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मालाने भरलेले पारडे काट्याला मोकळे लटकत आहे की खाली जमिनीस टेकले आहे, हे डोळ्याने नेहमी कळत नाही. तेव्हा पारड्याखालून पातळ कागद ओढून पाहावा. कागद सुटला तर पारडे अधांतरी आहे व सारा भार काट्यावर आहे. कागद अडकला तर भार जमिनीने घेतला आणि तोल खोटा. हीच रीत भिंतीस लावण्याचे ठरविले. तुळई हे पारडे व भिंतीचा माथा ही जमीन.

शिडी लावली. गतसालच्या पंचांगाचे पान फाडून खांबाजवळच्या टोकास, भिंत व तुळई यांच्यामध्ये घातले. पान सळकन पलीकडे गेले. दुसऱ्या टोकासही तसेच. बन्सीधरांना हे दाखविण्यास आत्ताच बोलवावे असे वाटले. परंतु अर्धा तोल हा तोल नव्हे, म्हणून शिडी मध्यावर घेतली.

तेथे पान जाईना. वरून सारवणाची माती ओघळून फट बुजली असेल, असे समजून मी विळ्याने माती खरवडली. आत लाकूड लागले. बाभळीच्या पाचरी. मध्यापासून दोन्ही अंगांस ओळीने, एकीला एक लागून, तुळईच्या पोटाखाली ठोकून बसविलेल्या. धुराने काळ्या झाल्या आहेत, पण हाताने हलत नाहीत.

उतरून बाजेवर बसलो. धूर अडविण्यास पडदा पुरतो. फार तर छातीभर भिंत पुरते.

आडोशास पाचर कशाला?

फाल्गुन शुद्ध द्वितीया

आश्रुबा आला. मी त्याला पाचरी दाखविल्या. तो म्हणाला, "बायामाणसानं ठोकल्याल्या पाचरी त्या, काय व्हतंय," आणि शिडीवर चढून मधली पाचर हातोड्याने बाहेर मारू लागला. पहिल्या काही घावांत ती हलली नाही. मग एकाएकी अर्धी बाहेर आली, आणि वर कर्र असा आवाज झाला.

तो आवाज मोठा नव्हता. पण माळवदातून माती झरली ती त्याच्या पटक्यावर, माझ्या खांद्यांवर व बाजेवर पडली. आश्रुबा "मारोतीराया!" म्हणत शिडीवरून अर्ध्यातूनच उडी टाकून खाली आला. नंतर, हे त्याच्या श्रेयास लिहिले पाहिजे, पुन्हा वर चढला व ती पाचर ठोकून होती तशी बसविली.   मी शिडी धरली होती.

खाली येऊन तो म्हणाला, "आबा, वर या. बगा."

तुळईच्या अंगावर, माझ्या बाजूने, काजळीखाली चिखलाचा एक लांबट पट्टा लिंपलेला होता. धक्क्याने तो गळून पडला होता. त्याखाली तुळईला तडा आहे. मध्यावर बोट जाईल एवढा, दोन्हीकडे तिरपा निमुळता होत गेलेला.

"ही भिंत न्हाई, आबा," आश्रुबा म्हणाला. "ह्यो खांबच हाय, लांबडा."

मी त्याला जाण्यास सांगितले.

फाल्गुन शुद्ध तृतीया

मी कोणाच्या दारी काही विचारण्यास जात नाही. परंतु दुधाचे गाडगे परत करणे आवश्यक होते, म्हणून भिवराबाईकडे गेलो. ती मेंढराच्या पायातला काटा काढीत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आश्रुबा सांगत व्हता," ती म्हणाली. "वाचलाव म्हणं."

"त्या पाचरी कोठून आल्या?"

"माझ्या बांधावरच्या बाभळीच्या. म्याच तासल्या. इटा बी दोघींनी थापल्या, चिखलात माझ्या मेंढराच्या लेंड्या घातल्या. आता इचारायलाव!"

"काय झाले होते?"

तेव्हा तिने काटा काढून टाकला, मेंढरू सोडले व सांगितले ते असे. त्या साली मी मानवतला गेल्यावर कार्तिकात एक दिवस तुळई वाजली व तडा दिसला. कुटुंब भिवराबाईस बोलावून म्हणाली की, शिमग्याला हे येतील आणि तुळईखाली बाज टाकून निजतील, तोवर खाली काहीतरी उभे राहिले पाहिजे. खांब आणावा तर गाजावाजा होईल, शिवाय ह्यांना खांब चालत नाही. म्हणून भिंत. शेवटच्या पाचरी ठोकल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आलो.

"मग मला सांगावयाचे होते," मी म्हणालो.

"सांगितलं की! वैशाखात सांगितलं. माती खरवडा, माळवद जड झालंय. तवा तुमी काय म्हणलाव तिला? म्या व्हते तितं."

मी त्या वेळी काय म्हणालो होतो, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

"आन् तडा कामून झाकला?"  तिनेच पुढे विचारले व तिनेच उत्तर दिले. "तुमच्या तुळईला नाव ठिवलेलं तुमाला खपलं असतं का, दाजी? आक्का म्हणायची, राहू दे, दिसला तर त्येंचं जेवण जायचं न्हाई."

स्त्रिया गोष्ट सांगताना पदरचे घालतात. त्यांच्या बोलण्यास प्रमाण मानता येत नाही. गाडगे तिला द्यावयाचे विसरून मी तसेच परत घेऊन आलो, हे घरी आल्यावर लक्षात आले.

फाल्गुन शुद्ध अष्टमी

चार दिवस लिहिले नाही.

आज भिंतीच्या पलीकडे जाऊन ती त्या अंगाने पाहिली. तिकडून ती सारवलेली, गुळगुळीत आहे. बोटांचे अर्धगोल एकावर एक, खालपासून हात पोचेल तेथपर्यंत. इकडची बाजू उघडी आहे, विटा दिसतात. ही बाजू ती सारवावयास लागली तेव्हा मी "राहू दे" म्हणालो होतो. तिने पुन्हा विचारले नाही. दर पाडव्यास ती आपली बाजू तेवढी सारवीत असे, व अलीकडे बसून मला तिच्या बांगड्या ऐकू येत.

होळी पौर्णिमा

बन्सीधर आश्रुबाला घेऊन आले. त्यांना सर्व समजले होते. ते बाजेवर बसले, भिंतीकडे पाहिले, तुळईकडे पाहिले, व अत्यंत आदराने बोलले. हे मी सांगितलेच पाहिजे, कारण नंतर मी त्यांच्याशी तसा बोललो नाही.

"आबा, घाबरायचं काम न्हाई. तोड हाय. मधी एक खांब द्यायचा. खांब माझ्याकडला, सागाचा. आदी खांब उभा करायचा, मंग भिंत काढायची. एका दिसाचं काम. लेकरं खांबाभवती बसतील."

"एका दिसाचं न्हाई, दोन," आश्रुबा म्हणाला. "पण व्हतंय. म्हाताऱ्याचं देणं बी फिटंल."

तोड बरोबर होती. मी मनात तोलून पाहिली, तिच्यात खोट नव्हती. रांजण कोपऱ्यात घासून पालथा ठेवलेला होता. मुलांनी दप्तरे अडकवावीत म्हणून मी ठोकलेल्या खुंट्या बन्सीधरांनी मोजल्यासारख्या पाहिल्या.

"खांब नको," मी म्हणालो.

"का, आबा?"

"नको म्हणजे नको. मला माझ्या घरात खांब चालत नाही."

"आन् भिंत चालती?"

"भिंत राहील."

 "मंग शाळा माझ्या गोठ्यात भरंल," बन्सीधर म्हणाले. "बैलं बाहीर बांधू. पण आबा, तुमीच तर म्हणलाव, पासंगाइतका बी भार न्हाई तिच्यावर."

"म्हणालो होतो."

ते उठून गेले. ओट्यावर आश्रुबा हळू बोलला, पण मला ऐकू आले: "आजून खांबाचाच राग हाय म्हाताऱ्याला. मोडंल, पण खांब घ्यायचं न्हाई." बन्सीधर म्हणाले, "म्हातारपण, दुसरं काय."

माझे खांबाशी वैर आहे, असे त्यांना वाटले. वाटू द्यावे. सायंकाळी होळीस नारळ देऊन आलो. कोणी फारसे बोलले नाही.

फाल्गुन वद्य षष्ठी

आज माळवदावर चढलो व माती खरवडण्यास आरंभ केला. मध्यापासून, तुळईच्या वरून. गडी लावला नाही. माती मी घातली आहे, ती मीच काढू शकतो.

खुरप्याने खणत गेलो म्हणजे एकेका वर्षाचा थर निराळा दिसतो, पांढरा, मधे पावसाने धरलेली करडी रेघ, पुन्हा पांढरा. मला वाटले होते त्याहून थर पुष्कळ आहेत. तोलण्याच्या कामात मी कधी चुकलो नाही, असे अडतीवरचे लोक सांगतात. काट्यावर जे घातले ते मी तोलले. डोक्यावर काय घातले ते मात्र कधी तोललेले नाही.

टोपले भरून कडेवरून खाली ओतीत होतो, तो भिवराबाई खालून जाताना थांबली. कपाळावर हात धरून वर पाहिले.

"दाजी, उशीर केलाव."

"वैशाख अजून यावयाचा आहे," मी उत्तर दिले.

 थोड्या वेळाने ती आपले टोपले घेऊन आली, व खाली पडलेली माती उचलून आपल्या मेंढवाड्यात नेऊन टाकू लागली. मी तिला बोलाविले नव्हते. सूर्य मावळेपर्यंत ती नेत होती.

फाल्गुन वद्य एकादशी

कंबर धरली आहे. काम थांबविले नाही. रांजण बन्सीधरांच्या गोठ्यात पाठवून दिला. घरात त्याचा कोपरा रिकामा दिसतो, तेथे काही ठेवावे.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८६२

गुढी उभारली. घरात साखरेची गाठी एकच आणली होती, ती गुढीस घातली.

बन्सीधर स्वतः बोलावण्यास आले होते. पाटीपूजनास मी नारळ फोडावा, असे ते म्हणाले. हातात काम आहे, असे सांगून मी नारळ त्यांच्या हाती दिला. नंतर माळवदावर चढलो. गोठा येथून दिसतो. बैल बाहेर बांधले होते व मुले आत जाताना त्यांना भीत भीत वळसा घालीत होती. सर्व प्रकारची मुले होती. मास्तर तरुण आहे.

थोड्या वेळाने 'श्री गणेशा' सुरू झाले. वाऱ्याबरोबर येई, मग बैल हंबरला की तुटे. मी खुरपे खाली ठेवून ऐकले. 'णे'चा उच्चार मुले 'ने' असा करीत होती व मास्तर तो दुरुस्त करीत नव्हता. हे त्याच्या कानावर घातले पाहिजे. माझ्या घरी शाळा असती तर मी पहिल्याच दिवशी घातले असते.

मग उरलेली माती काढली.

चैत्र शुद्ध अष्टमी

माळवद पूर्ण खरवडून झाले. वर आता एका वर्षाचा असावा तेवढाच थर ठेवला आहे. यंदा पावसाळ्यात गळेल कदाचित. गळल्यास खाली भांडे ठेवीन.

सकाळी शिडी लावून मध्यावर चढलो. ज्या पाचरीस आश्रुबाला हातोड्याचे घाव घालावे लागले होते, ती बोटाने हलली. पंचांगाचे पान घातले. या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीच्या माथ्यावरून ते मोकळे सरकले, मध्यावरही. तुळईने अंग वर घेतले आहे. भिंतीवर आता पासंगाइतकाही भार नाही. पारावर माघात मी जे म्हणालो होतो ते आज खरे आहे, व हे मी मापाडी म्हणून येथे लिहून ठेवतो. ती आज काढली तरी चालेल.

बन्सीधरांना कळविलेले नाही. कळविणार नाही.

पाचर बोटाने पुन्हा तिच्या जागी सारली. मग शेण-माती कालवून भिंतीची इकडची बाजू सारविली. मला हे काम येत नाही, माझे अर्धगोल वाकडे येतात व खालचा हात वरच्यास मिळत नाही. तरी कडूबाईच्या बाजूची रेघ दारापाशी जेथे संपते, तेथपर्यंत माझी आणून मिळविली.

भाकरी झाल्यावर ताट घेऊन उठलो नाही. चुलीपाशी, भिंतीच्या त्या अंगास पाठ टेकून बसलो व तेथेच खाल्ली. गरम होती.